गोमंतकातील नागरिकत्व व वास्तव्याचा परवाना : १९६२ चा आदेश आणि मोंतेरो खटला

१

परक्या देशात जाऊ इच्छिणाऱ्या माणसासंबंधी कायदा तीन निरनिराळे प्रश्न विचारीत असतो. हा मनुष्य सीमेच्या आत येऊ शकतो काय, हा पहिला. आल्यावर तो किती काळ आणि कोणत्या अटींवर राहू शकतो, हा दुसरा. तो या देशाचा आहे काय, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर व्हिशात, दुसऱ्याचे वास्तव्याच्या परवान्यात आणि तिसऱ्याचे नागरिकत्वाच्या कायद्यात शोधावे लागते. अमेरिकेत स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांतून जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांतील पुष्कळांचे मूळ या तीन प्रश्नांच्या गल्लतीत आहे. व्हिशावरील तारीख उलटली म्हणजे तेथील वास्तव्य बेकायदा होते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः व्हिसा हे प्रवेश मागण्याचे साधन होय, आणि किती दिवस राहावयाचे हे प्रवेशाच्या वेळी स्वतंत्रपणे ठरते. ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे आपण अमेरिकन झालो, हाही असाच एक समज. ते कार्ड कायम वास्तव्याची मुभा देते. नागरिकत्व देत नाही, आणि काही कारणांवरून ते धारण करणाऱ्यासही देशाबाहेर घालविता येते.

हे प्रश्न केवळ दूरदेशी गेलेल्यांचे आहेत, असे मात्र नव्हे. आपल्या शेजारी गोमंतकात, आपले गाव कधीही न सोडलेल्या माणसांपुढे ते १९६२ साली एकाएकी उभे राहिले. तेथे माणसे जागच्या जागी होती; राज्य बदलले होते. म्हणूनच नागरिकत्व आणि वास्तव्य यांचा परस्परसंबंध तपासण्यास गोमंतकाचे उदाहरण विशेष उपयोगी पडते. मनुष्य कोणत्या देशाचा हे त्याच्या जन्मावरून व राहण्यावरून ठरते, अशी आपली सामान्य समजूत असते. कायदा जन्माची दखल घेतो खरा. परंतु अखेरचा निर्णय पुष्कळदा एखाद्या तारखेवर आणि त्या तारखेच्या आत दिलेल्या वा न दिलेल्या एका कागदावर अवलंबून राहतो, असे या इतिहासावरून दिसून येते. प्रस्तुत निबंधात तेवढेच दाखविण्याचा उद्देश आहे.

२

प्रथम शब्दांचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे. या विषयातील आपली बरीचशी परिभाषा निरनिराळ्या काळांतून गोळा झालेली आहे. ‘परवाना’ आणि ‘दस्तक’ हे शब्द फारसीतून आले. ‘मुदत’ हा मूळचा अरबी. राज्यकारभाराच्या जुन्या मराठीत ते चांगलेच रुळलेले होते. ‘नागरिक’ हा संस्कृत शब्द. त्याचा मूळ अर्थ नगरात राहणारा, आणि त्यावरून चतुर किंवा शिष्ट मनुष्य. राज्याशी हक्क व कर्तव्ये यांनी बांधलेली व्यक्ती हा आजचा अर्थ अर्वाचीन आहे. ‘परदेशी’ या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. महाराष्ट्रात उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांस परदेशी म्हणत, आणि ते आडनावही होऊन बसले आहे. म्हणजे या शब्दातील ‘देश’ हा राजकीय सत्तेचा प्रदेश नसून आपल्या भाषेचा व वहिवाटीचा मुलूख होय. या जुन्या अर्थाने सावंतवाडीच्या माणसास पेडण्याचा मनुष्य कधीच परदेशी नव्हता. १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याच्या अर्थाने मात्र तो परकीय ठरू शकत होता.

‘राहणे’ या क्रियापदाचाही असाच विचार करता येईल. वस्ती करणे आणि शिल्लक उरणे हे दोन्ही अर्थ ते वाहते. ‘अर्ज करावयाचा राहिला’ या वाक्यात तर न घडण्याचाही अर्थ आहे. ‘तो गोव्यात राहतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या राहण्यास कोणाची अनुमती आहे किंवा त्याची मुदत काय, याचा पत्ता त्या वाक्यातून लागत नाही. व्यवहाराची भाषा वस्तुस्थिती सांगते. कायद्यास तीमागील अधिकार हवा असतो. पुढील प्रकरणात हा भेद एका माणसाच्या जीवनात किती कठोरपणे प्रकट झाला ते दिसेल.

३

पोर्तुगीजांनी गोवे १५१० साली जिंकले. १९५१ मध्ये पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत फेरफार करून वसाहतींस ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. गोवे हा पोर्तुगालचाच भाग आहे, त्याचे स्वातंत्र्य हा प्रश्नच उद्भवत नाही, अशी त्या नामांतरामागील भूमिका होती. भारताची भूमिका याच्या नेमकी उलट होती. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. मुळशीच्या सत्याग्रहापासून (१९२१–२४) ‘सेनापती’ म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले पां. म. बापट हेही तीत होते. मुळशीत त्यांनी धरणाखाली जाणाऱ्या जमिनीवरील शेतकऱ्यांच्या हक्काचा प्रश्न मांडला होता. गोव्याच्या हद्दीवर त्या भूमीवर पाऊल ठेवण्यासच कोणाची परवानगी लागावी काय, हा प्रश्न होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा परकीयांचा बेकायदा प्रवेश होता. सत्याग्रहींच्या दृष्टीने तो आपल्याच देशातील प्रवास होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन अनेकजण प्राणास मुकले. एकाच पायवाटेवरील एकाच पावलास दोन राज्ये दोन नावे देत होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि पोर्तुगीज सत्तेचा अंत झाला. त्यानंतर मार्च १९६२ मध्ये संसदेने घटनेची बारावी दुरुस्ती संमत करून गोवा, दमण व दीव हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय संघराज्यात समाविष्ट केले. भूमीचा प्रश्न अशा रीतीने सुटला. भूमीवरील माणसांचे काय, हा प्रश्न स्वाभाविकच पुढे आला.

४

त्याचे उत्तर १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या सातव्या कलमात अगोदरच योजून ठेवलेले होते. एखादा प्रदेश भारतात समाविष्ट झाला, तर त्या प्रदेशाशी संबंध असलेल्या कोणत्या व्यक्ती नागरिक होतील हे केंद्र शासनाने आदेशाने ठरवावे, अशी ती तरतूद. तदनुसार २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश प्रसिद्ध झाला. जी व्यक्ती स्वतः, अथवा जिच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती व्यक्ती त्या दिवशी भारताची नागरिक झाली असे मानले जाईल, असा त्याचा आशय होता. अपवाद एकच. आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत, आपणास पूर्वीचेच नागरिकत्व ठेवावयाचे आहे अशी लेखी घोषणा जो करील, त्याला हा नियम लागू व्हावयाचा नव्हता.

या आदेशाची वाक्यरचना अभ्यासकांनी अवश्य पाहावी. मुख्य वाक्यात व्यक्ती काहीच करीत नाही. ती नागरिक झाली असे ‘मानले जाते’. कर्तृत्व येते ते अपवादात. तेथे ती निवड करते, घोषणा करते, अर्ज सादर करते. म्हणजे भारतीय होण्यास मौन पुरेसे होते आणि पोर्तुगीज राहण्यास कृती आवश्यक होती. बहुसंख्य गोमंतकीयांच्या मनातील इच्छा आणि कायद्याने गृहीत धरलेली इच्छा यांचा येथे मेळ होता, म्हणून ही रचना फारशी कोणास जाचली नाही. तथापि रचना म्हणून तिचे वैशिष्ट्य नजरेआड करता येत नाही.

पाँडिचेरीशी तुलना केल्यास ते अधिक स्पष्ट होते. तेथील फ्रेंच प्रदेश १९५६ च्या करारान्वये भारतास मिळाले आणि तो करार १६ ऑगस्ट १९६२ रोजी अमलात आला. तेथील लोकांस फ्रेंच राष्ट्रीयत्व राखण्याची निवड करण्यास सहा महिन्यांची मुदत देण्यात आली होती, आणि त्या निवडीस दोन्ही राज्यांची संमती होती. गोव्यात करार नव्हता, कारण पोर्तुगालने विलीनीकरणच मान्य केले नव्हते. सबब मुदत एका राज्याने ठरविली, आणि ती एक महिन्याची होती.

५

या एक महिन्याच्या मुदतीत ज्यांनी घोषणा केली त्यांच्यात रेव्हरंड मॉन्सिन्योर सेबास्त्यांव फ्रांसिस्को झेवियर दुश रेमेदियुश मोंतेरो हे गोमंतकीय धर्मगुरू होते. त्यांनी २७ एप्रिल १९६२ रोजी, मुदत संपता संपता, पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवीत असल्याचे कळविले. त्याचा परिणाम तात्काळ झाला. परकीय म्हणून त्यांची नोंद झाली आणि त्यांना तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना मिळाला. त्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंत होती. ती संपली, त्यांनी मुदतवाढ मागितली नाही. देश सोडण्याचा हुकूम झाला. तो त्यांनी पाळला नाही. तेव्हा परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला होऊन ते दोषी ठरले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

मोंतेरो यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद विचारार्ह होता. १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारानुसार, युद्धात व्यापलेल्या प्रदेशातील संरक्षित व्यक्तीस तेथून हद्दपार करता येत नाही, आणि व्यापणाऱ्या राज्याने तो प्रदेश आपल्यात सामील करून घेतला तरी हे संरक्षण नष्ट होत नाही. भारताने १९६० मध्ये स्वतंत्र अधिनियम करून या करारांस स्थान दिले होते. गोवे हा व्यापलेला प्रदेश, मोंतेरो हे संरक्षित नागरिक, म्हणून त्यांना बाहेर घालविणे बेकायदा, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यायालयाने २६ मार्च १९६९ रोजी निर्णय देऊन हे अपील फेटाळले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा गाभा ‘व्याप्ती’ आणि ‘विलीनीकरण’ यांतील भेदात आहे. लष्करी ताबा हा तात्पुरता असतो. मूळ सत्ता तेव्हा स्थगित असते, नष्ट झालेली नसते. खरेखुरे विलीनीकरण झाल्यावर ताब्याची अवस्था संपते आणि तिच्याशी निगडित संरक्षणही संपते. युद्ध चालू असताना घाईने जाहीर केलेल्या विलीनीकरणास कराराचे कलम आडवे येते. गोव्यात लढाई अल्पकाळातच संपली होती आणि प्रदेश भारताच्या पूर्ण अधिकाराखाली आला होता. शिवाय १९६० च्या अधिनियमाने व्यक्तीस न्यायालयात बजावून घेता येईल असा स्वतंत्र हक्क दिलेला नाही, असेही न्यायालयाने म्हटले. मोंतेरो यांनी स्वतःच्या घोषणेने परकीयत्व स्वीकारले होते, आणि परकीयास अनुमतीवाचून राहण्याचा हक्क नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही विचारसरणी सुसंगत आहे. तरीही तिचा मानवी अर्थ दृष्टिआड करू नये. आदेशाच्या नियमानुसार मौन पाळले असते तर हाच मनुष्य नागरिक झाला असता, आणि राहण्यासाठी त्याला कोणाचीही अनुमती लागली नसती. १९६२ मध्ये बोलल्याने तो परकीय झाला. १९६४ मध्ये गप्प बसल्याने तो अपराधी ठरला. दोन्ही प्रसंगी मनुष्य तोच आणि भूमी तीच होती.

६

१९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालचे धोरण पालटले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये त्याने या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भूमीविषयीचा वाद मिटला; माणसांविषयीच्या दोन पंचांगांचा मेळ मात्र बसला नाही. भारताच्या लेखी गोमंतकीय मनुष्य २० डिसेंबर १९६१ रोजी भारतीय झाला. पोर्तुगालच्या लेखी, त्यापूर्वी गोव्यात जन्मलेला मनुष्य जन्मतः पोर्तुगीज होता. त्याच्या जन्माची नोंद लिस्बन येथील मध्यवर्ती कार्यालयात करून घेता येते, आणि तिच्या आधारे त्याची मुले व नातवंडेही पोर्तुगीज राष्ट्रीयत्व सांगू शकतात. २०२० अखेरपर्यंत पोर्तुगीज पारपत्र धारण करणाऱ्यास युरोपीय संघाच्या नियमांमुळे ब्रिटनमध्ये राहण्याची व काम करण्याची वाट मोकळी होती. अनेक गोमंतकीय कुटुंबे त्या वाटेने गेली.

ही सवलत ज्याने घेतली त्याच्यापुढे भारतीय कायद्याचे नववे कलम उभे राहते. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, आणि परके पारपत्र मिळविणे हा त्याचा निर्णायक पुरावा मानण्याचा नियम आहे. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच इजहार अहमद खान प्रकरणात ग्राह्य ठरविला होता. परंतु पारपत्र न घेता केवळ लिस्बनमध्ये जन्मनोंद केल्याने काय होते, हा गोव्यात मोठ्या वादाचा विषय झाला. ‘मी नवे काही घेतले नाही, आजोबांचे जे होते तेच नोंदविले,’ असे एक बाजू म्हणते. कायदा विचारतो, ते कोणत्या तारखेस आणि कोणाच्या इच्छेने? परत येऊन राहू इच्छिणाऱ्यांस परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी हवी असते. तीसाठी भारतीय पारपत्र परत केल्याचा दाखला लागे, आणि ज्यांचे पारपत्र रद्द करण्यात आले होते त्यांची अडचण होई. २०२४ मध्ये केंद्र शासनाने रद्द केल्याचा आदेशही पर्यायी पुरावा म्हणून स्वीकारण्याची मुभा दिली. ही नोंदणी नावात ‘नागरिक’ हा शब्द धारण करते. पण तिने मताधिकार मिळत नाही. पहिल्या परिच्छेदातील तीन प्रश्नांपैकी ती पहिल्या दोहोंचे उत्तर देते, तिसऱ्याचे देत नाही.

७

१९४६ चा कायदा आता राहिलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परकीय नागरिक यांविषयीचा २०२५ चा नवा अधिनियम अमलात आला आहे. कायदे बदलले तरी मोंतेरो खटल्याने दाखविलेला भेद कायम आहे. प्रवेश, वास्तव्य आणि नागरिकत्व यांचे पुरावे निराळे, मुदती निराळ्या आणि चुकल्यास होणारे परिणामही निराळे. आपल्या भाषेतील ‘राहणे’ आणि ‘आपला’ हे शब्द तो भेद झाकतात. व्यवहारात ते सोयीचे असते, तरी त्या शब्दांवर विसंबून कोणी मुदत चुकवू नये.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास यातून आणखी एक दिशा मिळते. गोमंतकाच्या मुक्तीविषयी लिहिताना आपण १९ डिसेंबर १९६१ या दिवसाशी थांबतो. २८ मार्च ते एप्रिल १९६२ अखेर या महिन्याचा इतिहास मात्र अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही. त्या महिन्यात कोणी घोषणा केली, कोणी केली नाही, आणि आदेशाची वार्ता किती गावांपर्यंत कोणत्या भाषेत पोहोचली, याचा शोध मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांतील कागद एकत्र ठेवूनच घ्यावा लागेल. लाखो माणसांचे नागरिकत्व त्यांच्या मौनावरून निश्चित झाले. ते मौन कोणाच्या संमतीचे होते आणि कोणाच्या अज्ञानाचे, हे निवडून दाखविणे हे भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे संयुक्त कार्य होय.