रंग, राग आणि मनोरंजन

संस्कृतात ‘रञ्ज्’ हा धातू आहे. रंगणे, तांबडे होणे आणि मन जडणे हे तिन्ही अर्थ त्याच्या पोटात आहेत. रंग, राग, रक्त, अनुराग, रंजन ही त्याचीच प्रजा. रक्त म्हणजे मुळात रंगलेलं. विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला तो. आणि मनोरंजन म्हणजे मनाला रंग चढवणं! संकेतस्थळं घडवणारे आज ‘कलर सायकॉलॉजी’ शिकतात, तिचा गाभा या एका शब्दात आहे.

‘राग’ची वाटचाल तर विलक्षण. संस्कृतात त्याचे अर्थ रंग, लाली, आसक्ती. मराठीने गाण्यातला राग ठेवला, प्रेम अनुरागाकडे सोपवलं आणि लालीतून संताप उचलला. बंगालीनेही तेच केलं. हिंदीत मात्र तो अर्थ रुळला नाही. म्हणजे एकाच धातूचा रंग शेजारच्या भाषेत वेगळा उतरतो. म्हणूनच ‘लाल म्हणजे धोका, निळा म्हणजे विश्वास’ अशा तयार कोष्टकांवर माझा भरवसा नाही. फॉर्म चुकला की पडद्यावर उमटणारी लाल ओळ दटावते, पण तोच लाल कुंकवाचाही असतो. हिरवा चुड्याचा, पिवळा हळदीचा.

कळवा स्टेशनात लोकल जेमतेम थांबते, पाटी वाचायला सवड नसते. डब्यावरचे तिरपे पट्टे तांबडे-पिवळे दिसले की प्रथम वर्ग, हिरवे-पिवळे दिसले की महिलांचा डबा. इथल्या हिरव्याचा चुड्याशी काही संबंध नाही. रोजच्या वापराने तो अर्थ पक्का झाला आहे. शिवाय महिलांच्या डब्यावर स्त्रीचं चित्रही असतं. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या डोळ्यांसाठी ते फार मोलाचं. पडद्यावरही केवळ रंगाच्या भरवशावर कुणाला सोडू नये.

रंग एकमेकांशी जुळण्याला इंग्रजीत ‘हार्मनी’ म्हणतात. तिच्या मुळाशी ग्रीक ‘हार्मोनिया’, म्हणजे सांधा. आपण म्हणतो रंगसंगती. ‘संगती’ म्हणजे सोबत जाणं. पण आपण अर्थाचीही संगती लावतो. मला हा शब्द अधिक नेमका वाटतो. रंगचक्रावर समोरासमोरचे दोन रंग निवडले की सांधा जुळेल, संगती लागेलच असं नाही. वाचनसुलभतेचे जागतिक निकष साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 : 1 इतका उजेडाचा फरक मागतात. देवनागरीत तर फिकट राखाडी अक्षरावरचा अनुस्वार पुसट झाला, की ‘घरात’ आणि ‘घरांत’ एकच होतात.

संकेतस्थळाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत रंगांची 148 नावं आहेत. त्यातलं ‘इंडिगो’ म्हणजे ग्रीकांच्या लेखी ‘भारतातलं’. ‘क्रिमझन’ आणि आपला ‘किरमिजी’ हे दोघेही अरबी ‘किर्मिझ’ या रंग देणाऱ्या किड्याच्या नावातून आलेले. आबोली, मोरपंखी, चिंतामणी त्या यादीत नाहीत. मराठी संकेतस्थळाचे रंग ठरवताना मात्र ही नावं उच्चारली जावीत, असं मला मनापासून वाटतं. सहा अक्षरांच्या कोडवरून छटा डोळ्यांपुढे येत नाही. आबोली म्हटलं की येते.