मागावर एक, सुयांवर अनेक



टाकवे बुद्रुकच्या आसपास, आंदर मावळाच्या पावसात, शेतावर जाताना पूर्वी घोंगडीची खोळ डोक्यावर असायची. घोंगडी मागावरची: लोकर धनगरांच्या मेंढ्यांची, विणणारे सनगर. मागावर ताणा चढला की ती घोंगडी उतरेपर्यंत दुसरी लावता येत नसे. माग एक, काम एक.

दोन सुयांचं विणकाम आपल्याकडे रुजलं ते इंग्रजी अमलात, मिशनरी बायका आणि मडमांमुळे. युरोपात ते जुनंच. १५८९ मध्ये विल्यम लीनं इंग्लंडात मोजे विणायचं यंत्रसुद्धा बनवलं होतं. सुयांना मागाची अट नाही. अर्धी पाठ सुईसकट पिशवीत ठेवायची आणि नव्या सुयांवर नवे टाके घालायचे! म्हणून आपल्या कपाटात बिनबाह्यांचा स्वेटर, अर्धा मफलर आणि एकच मोजा सुखानं नांदतात.

पण मावळाच्या दमट हवेत पडून राहिलेल्या लोकरीला कसर लागते. डांबरगोळी टाकली तर जीवहिंसा, नाही टाकली तर लोकर वाया. म्हणजे हा प्रश्न आळसाचा नाही, परिग्रहाचा आहे. पाचव्या अणुव्रतात आपण सोनं, धान्य, जमीन यांचं परिमाण ठरवतो. त्यात सुयांवरची कामंही धरावीत. माझं परिमाण दोन. तिसरं सुरू करायचं तर एक पुरं करायचं, नाहीतर उसवून लोकर गरजू हातात द्यायची. आणि हा हिशेब आषाढी चौदसच्या आत, चातुर्मास लागण्यापूर्वी.