मधुमेह-तपासणीची साधने आणि त्यांचा कचरा : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

भंडारा जिल्ह्याची ओळख पितळी भांड्यांनी घडविली. या व्यवसायात टाकाऊ असे फारसे काही उरत नसे. फुटके भांडे मोडीत घालावे, त्याच्या वजनाची किंमत वजा करून नवे घ्यावे, असा व्यवहार होता. मधुमेहाच्या तपासणीची जुनी साधनेही अशीच टिकाऊ होती. प्रस्तुत निबंधात त्यांच्या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी सिद्ध केलेल्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी तापविली जाई. रंग हिरवा, पिवळा व अखेरीस विटकरी होई, त्यावरून साखरेचा अंदाज बांधला जाई. नळी धुवून पुन्हा वापरात येई. इन्सुलिनची काचेची सिरिंजही उकळून घेत. १९५६ साली लघवीसाठी क्लिनिस्टिक्स व १९६५ साली रक्तासाठी डेक्स्ट्रोस्टिक्स ही पट्टी आली आणि एकदा वापरून टाकण्याची प्रथा रुजली. पुढे एड्सच्या संकटानंतर प्लॅस्टिकची सिरिंज आरोग्याची गरजच ठरली. तिला दोष देता येणार नाही.

२०१४ साली युरोपात आलेला फ्रीस्टाइल लिब्रे हा दंडावर चिकटविण्याचा सेन्सर पुढे भारतातही उपलब्ध झाला. बोट टोचण्याची यातना त्याने कमी केली, हे निर्विवाद. तथापि तो १४ दिवसच चाले. म्हणजे वर्षाला २६ सेन्सर, आणि प्रत्येकाबरोबर वेष्टन, खोका व प्लॅस्टिकचा स्वतंत्र अ‍ॅप्लिकेटर. सेन्सर मोठ्या नाण्याएवढा, अ‍ॅप्लिकेटर मात्र मूठभर!

१९९८ चे जैववैद्यकीय कचरा नियम रुग्णालयांसारख्या संस्थांसाठी होते. २०१६ च्या नियमांतही कुटुंब आले नाही. २०१६ च्याच घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात गणल्या व दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितले. परंतु हे नियम प्रामुख्याने नागरी क्षेत्रापुरते होते. भंडारा, तुमसर, पवनी ही शहरे त्यांत आली; २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ८० टक्के लोकसंख्या मात्र ग्रामीण होती. त्याच वर्षीचे प्लॅस्टिक कचरा नियम ग्रामपंचायतींनाही लागू झाले. परिणामी खेड्यात खोक्यावरील वेष्टनाला नियम होता, सुई असलेल्या अ‍ॅप्लिकेटरसाठी संकलन केंद्र नव्हते.

मोडीचा जुना मार्गही येथे खुंटतो. या साधनातील प्लॅस्टिक व पोलाद फोडल्याखेरीज वेगळे होत नाही, आणि ते फोडणाऱ्याच्या हाताला आतली वापरलेली सुई लागण्याचा धोका राहतो.