मुरले ते कुठे जायचे?

आमच्या लहानपणी वडिलांच्या मोटारसायकलीतून अंगणात थोडे पेट्रोल सांडले, की आम्हा पोरांना त्या वासाची भारी मौज वाटे. घटकाभरात डाग नाहीसा होई आणि वडील म्हणत, “उडून गेले!” आजीला मात्र ते पटत नसे. “उडाले ते उडाले, मुरले ते कुठे जायचे? विहिरीतच ना?” असे पुटपुटत ती त्या जागी चुलीतली राख पसरी. आम्ही हसत असू.

पुष्कळ वर्षांनी अमेरिकेतल्या लिव्हरमोर गावची हकीकत वाचनात आली आणि आजी आठवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला असलेल्या या गावी दुसऱ्या महायुद्धात आरमाराचा विमानतळ होता. १९५२ साली तेथे अण्वस्त्रांची मोठी प्रयोगशाळा निघाली. आवारात पेट्रोलच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या होत्या. त्या झिरपत राहिल्या. १९७९ पर्यंत अदमासे १७,००० गॅलन, म्हणजे सुमारे ६४ हजार लिटर पेट्रोल मातीत मुरले. अणूचे अंतरंग जाणणाऱ्या पंडितांच्या पायाखाली हे चालले होते!

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचे द्रव्य असते. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून पिण्याच्या पाण्यात ते अब्जात पाच भागांहून अधिक असू नये, असा अमेरिकेचा दंडक आहे. लिव्हरमोरला भूजल सुमारे शंभर फुटांवर आणि पेट्रोल थेट तिथवर पोचलेले. एवढी माती उकरायची कशी आणि टाकायची कुठे?

तेव्हा वडिलांचे ‘उडून गेले’च उपयोगी पडले. पेट्रोलचा स्वभाव उडून जाण्याचा. जमिनीत त्याला फक्त वारा मिळत नाही. म्हणून कूपनलिका खणून त्यांत भोके पाडलेल्या नळ्या उतरवतात, वरचे तोंड पक्के बुजवतात आणि पंपाने आतली हवा ओढतात. मातीच्या कणांमधून वारा खेळू लागतो आणि पेट्रोलची वाफ त्याच्याबरोबर वर येते. ती कोळशात शोषून घेतात किंवा जाळून टाकतात. कुठे कुठे तर ती मोटारीसारख्या इंजिनातच जाळतात; पेट्रोल अखेर आपल्या कामाला लागते म्हणायचे!

पण ही युक्ती रेताड, कोरड्या मातीत चालते. चिकणमातीतून वारा जात नाही आणि पाण्याखाली बुडालेले पेट्रोल सहजी उडत नाही. लिव्हरमोरला दोन्ही अडचणी होत्या. मग बर्कली विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने १९९३ च्या सुमारास निराळा प्रयोग झाला. दूषित जागेच्या कडेने जमिनीत वाफ सोडली, चिकणमातीचे थर विजेच्या प्रवाहाने तापवले आणि मधल्या विहिरींतून सारे ओढून घेतले. वर्षभराच्या आत ७,६०० गॅलनांहून अधिक पेट्रोल निघाले. एवढ्या उष्णतेने जमीन निर्जीव झाली असेल असे वाटावे. पण तपासून पाहतात तो तापलेल्या मातीतही सूक्ष्म जीव नांदत होते. उरलेसुरले पेट्रोल खाऊन टाकण्याचे काम असलेच जीव करतात.

हे सारे वाचताना माणसाच्या बुद्धीचे कौतुक वाटले, आणि थोडे हसूही आले. सत्तावीस वर्षे थेंबाथेंबाने जे मुरले, ते वर काढायला वाफ, वीज, पंप आणि विद्वान, एवढा लवाजमा लागला. आणि तरीही मुरले तेवढे सगळे काही हाती आले नाही. अमेरिकन सरकारने १९८८ साली नियम केला, की जमिनीतल्या जुन्या टाक्या डिसेंबर १९९८ पर्यंत गळणार नाहीत अशा कराव्या, नाहीतर बंद कराव्या. मुरण्याआधीच बंदोबस्त करण्याचे शहाणपण ते हेच.

वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. पण विहिरीचे पाणी रोज शेंदायचे ते आजीला. म्हणूनच की काय, राखेची सुपली तिच्या हाताशी असे.