सार्लोसचा लांडगा-कुत्रा

मंडळी, लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा दारात असावा, त्यासाठी परदेशातून पिल्लू मागवावं, असा मोह पुष्कळांना पडतो. त्यांना मी हॉलंडमधल्या लेंडर्ट सार्लोसची (१८८४-१९६९) हकिगत सांगतो.

जर्मन शेफर्ड माणसांत राहून फार मवाळ झाला, असं या गृहस्थाचं मत. म्हणून १९३०च्या दशकात त्याने आपला शेफर्ड गेरार्ड आणि फ्लूर नावाची लांडगीण यांचा संकर केला. पिल्लं पुन्हा शेफर्डशी जुळवत, निवडत निवडत नवी जात घडवली. ती कामाची व्हावी, अंधांना वाट दाखवावी, ही इच्छा. सुरुवातीला काही कुत्र्यांनी ते काम केलंही, पण एकंदरीत जात त्याला उपयोगी ठरली नाही.

कारण साधं आहे. लांडगा म्हटलं की आपल्याला क्रूरपणा आठवतो. रक्तातून उतरला तो बुजरेपणा. अनोळखी माणूस दिसला की लांब सरायचं, हेच लांडग्याचं शहाणपण. भर रस्त्यात अंध माणसाला त्याचा काय उपयोग?

१९७५ साली डच केनेल क्लबने जातीला मान्यता दिली, नावही सार्लोसचंच दिलं. ते पाहायला तो उरला नव्हता.

हा कुत्रा आपल्या माणसांना घट्ट धरून राहतो. एकटा कोंडला तर कासावीस होतो. तेव्हा पिल्लाची किंमत विचारण्याआधी, दिवसभर घरात कोण असतं, हे मला वाटतं आधी पाहावं. दोघंही नोकरीला जात असाल, तर फोटोवरच समाधान मानलेलं बरं.