गनिमी कावा

गनिमी कावा ही संख्येने, शस्त्रांनी आणि साधनसामग्रीने वरचढ असलेल्या नियमित सैन्याशी अल्पबळाने लढण्याची युद्धपद्धती होय. शत्रूच्या मुख्य फौजेशी मैदानात समोरासमोर भिडण्याचे टाळणे, त्याची रसद तोडणे, त्याला अडचणीच्या भूभागात ओढणे, अकस्मात छापा घालून पसार होणे आणि त्याला दीर्घकाळ थकवीत राहणे ही या पद्धतीची मुख्य अंगे आहेत. सतराव्या शतकात दख्खनमध्ये मलिक अंबर, छत्रपती शिवाजी महाराज आणि पुढे संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी मोगल फौजांविरुद्ध तिचा प्रभावी वापर केला. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने याच कालखंडाचा विचार केला आहे.

शब्दाची व्युत्पत्ती

'गनीम' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला असून त्याचा अर्थ शत्रू किंवा लुटारू असा होतो. मोगल दरबाराच्या कागदपत्रांत मराठ्यांचा उल्लेख अनेकदा याच शब्दाने होतो. 'कावा' म्हणजे डावपेच, हुलकावणी. घोड्याला वर्तुळाकार फिरविण्यासही कावा म्हणत. शत्रूने हिणवण्यासाठी वापरलेला शब्द मराठी भाषेने पुढे अभिमानाने मिरवावा, ही भाषेच्या इतिहासातील एक गमतीची गोष्ट आहे. मलिक अंबरच्या काळात या पद्धतीस 'बर्गीगिरी' असे नाव होते. ते बारगीर या शब्दावरून आले. युरोपीय भाषांतील 'गेरिला' हा शब्द मुळात स्पॅनिश असून त्याचा अर्थ 'छोटे युद्ध' असा आहे. नेपोलियनच्या फौजांविरुद्ध स्पेनमध्ये १८०८ ते १८१४ या काळात झालेल्या संघर्षामुळे तो रूढ झाला. म्हणजे दख्खनमधील ही पद्धती त्या शब्दाच्या प्रसाराहून सुमारे दोनशे वर्षांनी जुनी आहे.

मलिक अंबर

इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाही संपली असेच सर्वांस वाटले होते. मूळचा हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि स्वकर्तृत्वाने वजिरीपर्यंत पोचलेला मलिक अंबर याने दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून ते राज्य आणखी पाव शतक जिवंत ठेवले. त्याच्याजवळ मोगलांच्या तोडीचा तोफखाना नव्हता. होते ते मराठा सरदारांचे हलके घोडदळ आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील दऱ्याखोऱ्यांची माहिती. गुजरातेतून नाशिकमार्गे उतरलेल्या अब्दुल्लाखानाच्या फौजेस त्याच्या स्वारांनी वाटेत इतके हैराण केले की, खानास बागलाणातून परत फिरावे लागले.

१६२४ मधील भातवडीची लढाई हा त्याचा सर्वांत गाजलेला विजय. मोगल व आदिलशाही यांची संयुक्त फौज अहमदनगरजवळ भातवडी येथे असताना मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून परिसरात पाणी सोडले आणि चिखलात रुतलेल्या शत्रूवर रात्रीचे छापे घातले. या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले व त्यांचे बंधू शरीफजी मारले गेले. मलिक अंबरचे १६२६ मध्ये निधन झाले. जहांगीर बादशहाच्या मनात त्याच्याविषयी किती चीड होती, हे अबुल हसन या दरबारी चित्रकाराच्या चित्रावरून कळते. त्यात बादशहा मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दाखविला आहे. प्रत्यक्षात मात्र मलिक अंबर बादशहाच्या हाती कधीच लागला नाही.

शिवकालातील स्वरूप

शिवाजी महाराजांनी या पद्धतीला दोन गोष्टींची जोड दिली. पहिली किल्ल्यांची आणि दुसरी शिस्तबद्ध लष्करी व्यवस्थेची. नुसत्या घोडदळास शत्रूपुढून पळता येते, पण मुलूख राखता येत नाही. किल्ल्यांमुळे माघार घेणाऱ्या फौजेस आसरा, दाणागोटा व खजिना यांची निश्चिती मिळाली. एकाच अधिकाऱ्याच्या फितुरीने गड जाऊ नये म्हणून हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशी जबाबदारीची वाटणी असे.

सभासद बखरीत घोडदळाची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी व पाच हजारींवर एक पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण सारी पद्धतीच वेगावर उभी असल्याने नाल निखळलेला घोडा हे मोठे संकट ठरे. पावसाळ्यात फौज छावणीस परते व दसऱ्यानंतर मुलूखगिरीस निघे. लष्करासोबत बायका, बटकी व कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. मोगल छावणीबरोबर चालणाऱ्या बाजारबुणग्यांशी याची तुलना केली म्हणजे दोन्ही फौजांच्या गतीतील अंतराचे कारण उमगते. बहिर्जी नाईक यांच्यासारख्या हेरांनी आणलेली बातमी ही तर प्रत्येक मोहिमेची पहिली पायरी होती.

उंबरखिंड (१६६१)

गनिमी काव्याचे शुद्ध उदाहरण अभ्यासावयाचे असेल तर उंबरखिंडीची लढाई पाहावी. शायिस्ताखान १६६० पासून पुण्यात तळ देऊन होता. कोकणातील मराठ्यांच्या ताब्यातील मुलूख घेण्यासाठी त्याने कारतलबखान या सरदारास मोठ्या फौजेसह घाटाखाली धाडले. त्याच्यासोबत माहूरच्या देशमुख घराण्यातील पराक्रमी स्त्री रायबागन हीही होती. ही फौज लोणावळ्याजवळ कुरवंडे घाटाने उतरू लागली, तोवर तिला कोणीही अडविले नाही. हे न अडविणे हाच डावाचा भाग होता.

घाट उतरल्यावर चावणी गावाजवळ वाट अरुंद होते. दोन्ही अंगांस दाट रान आणि उंच कडे. फौज या नळीत पुरती शिरल्यावर मराठ्यांनी तोंड व शेपूट दोन्हीकडून वाट रोखली आणि वरून बाण, गोळ्या व दगडधोंडे यांचा मारा सुरू केला. घोडदळास वळण्यास जागा नव्हती, तोफा निरुपयोगी होत्या आणि तहानलेल्या सैन्यास पाण्यापर्यंत जाता येत नव्हते. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या प्रसंगाचे विस्तृत वर्णन आहे. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने वकील पाठवून शरणागती पत्करली. महाराजांनी खंडणी व सामान घेऊन फौजेस जाऊ दिले. सर्वांची कत्तल न करता सोडून देण्यातही हिशेब होता: परतलेले शिपाई पुण्याच्या छावणीत जी हकीकत सांगतील, तिने पुढच्या फौजेचे पाय आधीच जड व्हावेत.

दोनच वर्षांनी, एप्रिल १६६३ मध्ये, महाराजांनी खुद्द लाल महालात शिरून शायिस्ताखानावर छापा घातला.

पद्धतीच्या मर्यादा

गनिमी कावा म्हणजे हमखास विजयाची किल्ली होती, असा समज पाठ्यपुस्तकी वर्णनांतून होतो. तो बरोबर नाही. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह याने या पद्धतीवर उतारा शोधला. त्याने एकीकडे पुरंदरास वेढा घातला आणि दुसरीकडे हलकी पथके पाठवून किल्ल्यांभोवतालची गावे जाळण्याचा, गुरेढोरे व माणसे पकडून नेण्याचा सपाटा लावला. छापे घालणाऱ्या फौजेस अन्न, निवारा आणि बातमी देणारी रयतच उद्ध्वस्त करावी, हा त्यामागील विचार. मुरारबाजी देशपांडे यांना वीरमरण आले, आणि जून १६६५ च्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा उरले.

दुसरी गोष्ट अशी की, मराठे केवळ छापेच घालीत असत असेही नाही. १६७२ मधील साल्हेरच्या लढाईत त्यांनी मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला.

मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध

औरंगजेब १६८१ अखेरीस बुऱ्हाणपुरास पोचला. १६८६ मध्ये विजापूर व १६८७ मध्ये गोवळकोंडा त्याने जिंकले. मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि महाराणी येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज दूर जिंजीस निघून गेले. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, अशा स्थितीत रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण सचिव यांनी महाराष्ट्रात प्रतिकार चालू ठेवला. फौजा उभारणाऱ्या सरदारांना वतने देण्याचे धोरण याच काळातील. शिवाजी महाराजांनी कटाक्षाने टाळलेली ही प्रथा नाइलाजाने स्वीकारावी लागली, आणि तिचे दुष्परिणाम मराठी राज्याने पुढे शंभर वर्षे भोगले.

प्रतिकारास केंद्र उरले नाही, हेच त्याचे बळ ठरले. एखादा किल्ला वा सरदार पडला तरी युद्ध थांबत नसे. जेमेली कारेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्ये गलगला येथे बादशाही छावणी पाहिली. तिचा घेर त्याने तीस मैलांचा सांगितला आहे. एवढ्या फिरत्या नगरीला रोज धान्य, वैरण व जळण पुरविणे हेच मोगलांचे मर्म होते आणि मराठ्यांचे घाव नेमके तेथे बसत.

दोड्डेरी

नोव्हेंबर १६९५ मधील दोड्डेरीची लढाई हा संताजी घोरपडे यांच्या युद्धकौशल्याचा कळस मानला जातो. कासिमखान व खानाजादखान हे नामांकित मोगल सरदार संताजींस रोखण्यास निघाले होते. कासिमखानाने प्रथेप्रमाणे आपले तंबू पुढच्या मुक्कामी पाठविले. संताजींनी आपल्या फौजेचे तीन भाग केले. एका तुकडीने ते तंबू लुटले. बचावासाठी मोगल सैन्य धावले तेव्हा दुसरी तुकडी त्याच्याशी भिडली, आणि राखून ठेवलेल्या तिसरीने मागे उरलेला तळ लुटला. निवारा, रसद व सामान सर्वच गमावलेले सैन्य दोड्डेरीच्या छोट्या गढीत कोंडले गेले. गढीत धान्य थोडे. माणसांची व जनावरांची उपासमार सुरू झाली. कासिमखान अफूच्या व्यसनाधीन होता व ती न मिळाल्याने तो मरण पावला, असे सांगतात. त्याने विष घेतले असाही प्रवाद आहे. उरलेल्यांनी मोठी खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. पुढे दोनच महिन्यांत संताजींनी बसवापट्टणजवळ हिंमतखानास ठार केले. मोगल सरदारांवर संताजींचा किती धाक होता, हे खाफीखान या मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे.

या सेनापतीचा शेवट मात्र शत्रूच्या तलवारीने झाला नाही. कडक शिस्त व तापट स्वभाव यांमुळे संताजींचे राजाराम महाराजांशी व धनाजींशी बिनसले. आपसांत लढाया झाल्या आणि जून १६९७ मध्ये एकाकी अवस्थेत नागोजी माने याने सूडापोटी त्यांची हत्या केली. स्वतंत्र वृत्तीच्या सरदारांवर उभ्या असलेल्या युद्धपद्धतीत ही फूट कायम दबा धरून असे.

किल्ल्यांचे युद्ध व औरंगजेबाचा शेवट

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. वृद्ध औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत फिरू लागला: सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. पुष्कळ किल्ले लढून नव्हे तर पैसे मोजून मिळाले. मराठे गड महिनोन्‌महिने लढवीत, पावसाळा तोंडावर आला की रक्कम घेऊन सोडीत आणि बादशहाची पाठ फिरताच संधी साधून परत घेत. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगडाहून पन्हाळ्यास येताना सुमारे तीस मैलांचे अंतर तोडण्यास बादशाही फौजेस महिन्याहून अधिक काळ लागला. चिखल व पुराच्या पाण्यात असंख्य माणसे, उंट व बैल गेले. त्याच सुमारास मराठ्यांच्या टोळ्या नर्मदेपलीकडे माळव्यात शिरत होत्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेबाचा मृत्यू झाला व हे युद्ध वस्तुतः संपले.

रयतेची स्थिती

विजयाच्या वर्णनांत शेतकऱ्याचा उल्लेख क्वचित येतो, म्हणून येथे तो स्वतंत्रपणे केला आहे. दख्खनच्या खेड्यांतून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या फौजा उभ्या पिकांवर जगत. मोगलांचा सारा आणि मराठ्यांची चौथ असे दुहेरी ओझे एकाच गावावर पडे. १७०२ ते १७०४ या वर्षांत दुष्काळ व रोगराईने दख्खनमध्ये अपार मनुष्यहानी झाली.

रयत दुखावली तर ही युद्धपद्धती टिकत नाही, याची जाणीव शिवाजी महाराजांना पुरेपूर होती. चिपळूणजवळच्या छावणीस त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. धान्य, गवत, भाजी जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, कुणब्याच्या घरून काहीही उचलू नये, नाही तर लोक मोगलांपेक्षा तुम्हांसच अधिक वाईट म्हणतील, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवल्यास उंदीर पेटती वात नेईल व गवताच्या गंजी जळतील, इतकी बारीक सूचनाही तीत आहे. संपूर्ण युद्धशास्त्रीय ग्रंथापेक्षा हे एक पत्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

उत्तरकाल

पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेड येथे निजामास कोंडीत पकडले, तेव्हा वेग व रसदतोड ही जुनीच सूत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली. १७६१ मध्ये पानिपतावर मात्र मराठी फौज जड तोफखाना, यात्रेकरू व कुटुंबकबिला यांसह एका जागी अडकली आणि रसद तुटण्याची पाळी तिच्यावरच आली. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनच्या इंग्रजी फौजेची ऐन पावसाळ्यात दाणादाण उडविली.

विसाव्या शतकात माओ झेडाँग यांनी १९३७ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. व्हिएतनामच्या नेत्यांनी आपल्या विजयाचे श्रेय शिवाजी महाराजांना दिल्याची कथा मराठीत वारंवार सांगितली जाते. तिला विश्वसनीय आधार दाखविला जात नसल्याने निबंधात वा भाषणात ती पुरावा म्हणून वापरू नये.

स्थळे

उंबरखिंड रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात असून चावणी गावाजवळ तेथे विजयस्मारक उभारले आहे. भातवडी हे गाव अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहराजवळ आहे. दोड्डेरी हे कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात मोडते.