कोहेन, लेनर्ड : पुनरागमन आणि २००८ चा बँड

कोहेन, लेनर्ड : (२१ सप्टेंबर १९३४ – ७ नोव्हेंबर २०१६). कॅनेडियन कवी, कादंबरीकार, गीतकार व गायक. जन्म माँट्रिऑललगतच्या वेस्टमाउंटमधील ज्यू कुटुंबात. कवी म्हणून नाव झाल्यावर, तिशी उलटल्यानंतर ते गाण्याकडे वळले; पहिला अल्बम १९६७ च्या अखेरीस आला. येथे विचार केला आहे तो त्यांच्या उत्तरायुष्यातील पुनरागमनाचा.

१९९३ च्या दौऱ्यात दारू फार वाढली होती. दौरा आटोपल्यावर कोहेन लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरील झेन मठात जोशू सासाकी रोशी यांच्याकडे राहायला गेले. १९९६ मध्ये त्यांनी रीतसर भिक्षुदीक्षा घेतली. जुन्या नैराश्याने तिथेही पाठ सोडली नाही. १९९९ मध्ये मठ सोडून ते मुंबईत आले आणि केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरून रमेश बाळसेकर यांच्या सकाळच्या सत्संगाला जाऊ लागले. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे निवृत्त उच्चाधिकारी. खेतवाडीत बिड्या विकणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणाचे ते पूर्वी इंग्रजीत भाषांतर करून देत. नैराश्य याच सुमारास ओसरले. ते कशामुळे, हे कोहेन यांनी कधी छातीठोकपणे सांगितले नाही.

पुढे दोन अल्बम निघाले, पण दौरा झाला नाही. २००४-०५ मध्ये निवृत्तीसाठी साठवलेली सुमारे ५० लाख डॉलरची पुंजी व्यवस्थापिकेने परस्पर काढल्याचे उघड झाले. २००६ मध्ये न्यायालयाने ९० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पैसा मात्र हाती आला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस पुन्हा रंगमंचावर उभा राहिला तो पोटापाण्यासाठी, हे लपवण्याचे कारण नाही. त्यांनीही ते लपवले नाही.

२००८ च्या दौऱ्यासाठी बँडची बांधणी बास गिटारवादक रॉस्को बेक यांनी केली. ते १९७९ च्या दौऱ्यातले जुने सोबती. बाकीचे बरेचसे नवे. स्पेनचे हावियर मास बांदुरिया व बारा तारांची गिटार वाजवत, नील लार्सन हॅमंड ऑर्गन, बॉब मेट्झगर गिटार, राफाएल गायोल ड्रम, डिनो सोल्डो सॅक्सोफोन. गायनाच्या साथीला सहगीतकार शॅरन रॉबिन्सन आणि इंग्लंडच्या वेब भगिनी होत्या. तालमी सुमारे तीन महिने चालल्या. वयाने कोहेन यांचा आवाज खर्जात उतरला होता, जवळजवळ बोलण्याइतका. बँडने त्याच्याशी स्पर्धा केली नाही, शब्दांना जागा ठेवली. दौऱ्याच्या यशाचे खरे इंगित इथे आहे. एखाद्याचे एकल वादन सुरू झाले की कोहेन टोपी छातीशी धरून, कधी गुडघे टेकून ऐकत.

११ मे २००८ रोजी फ्रेडरिक्टनच्या छोट्या नाट्यगृहात सुरुवात झाली; पंधरा वर्षांनंतरचा हा पहिला दौरा. जूनअखेर ग्लास्टनबरी महोत्सव, जुलैत लंडनचे ओटू अरेना; तिथले ध्वनिमुद्रण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘हॅलेलूया’ हे गाणे असलेला १९८४ चा अल्बम त्यांच्या कंपनीने अमेरिकेत काढायला नकार दिला होता. २००८ च्या नाताळात त्याच गाण्याच्या दुसऱ्यांनी गायलेल्या दोन आवृत्त्या ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर होत्या. खुद्द कोहेन यांची छत्तिसाव्या. सप्टेंबर २००९ मध्ये व्हॅलेन्सियात ते रंगमंचावर कोसळले आणि आठवड्याच्या आत तेल अवीवजवळ पुन्हा गायले. दौरा डिसेंबर २०१० मध्ये लास व्हेगासला संपला.

२०१२-१३ च्या दुसऱ्या दौऱ्यात सोल्डो नव्हते; मोल्डोव्हाचे व्हायोलिनवादक अलेक्झांद्रू बुब्लित्ची आले. २१ डिसेंबर २०१३ चा ऑकलंडचा कार्यक्रम अखेरचा ठरला. नंतरचे अल्बम स्टुडिओतले, आणि शेवटचा तर घरातला: पाठदुखीने जखडलेल्या कोहेन यांचे गायन मुलगा अ‍ॅडम याने दिवाणखान्यात मुद्रित केले. तो अल्बम मृत्यूच्या सतरा दिवस आधी आला.